कोकोश्निक : लोकशिरोभूषणाच्या हिऱ्यांतील रूपांतराची चिकित्सा

'कोकोश' या जुन्या रशियन शब्दाचा अर्थ कोंबडी किंवा कोंबडा. त्यावरून रशियन स्त्रियांच्या शिरोभूषणास 'कोकोश्निक' हे नाव मिळाले. मराठीतही 'तुरा' हा शब्द कोंबड्याच्या डोक्यावरील तुऱ्यास व पागोट्यावरील रत्नजडित अलंकारासही लागतो, हे साम्य लक्षणीय आहे. मात्र आपल्या दरबारातील तुरा पुरुषाच्या शिरावर गेला. कोकोश्निक स्त्रीचेच राहिले.

कोकोश्निक ही मुळात विवाहितेची खूण होय. तिचे केस त्याखाली झाकले जात. कुमारिका कपाळावर पट्टी बांधी व तिची वेणी उघडी राही. अठराव्या शतकाच्या आरंभी पीटर पहिला याने उमरावांवर पाश्चात्त्य पोशाख लादला, तेव्हा हे शिरोभूषण शेतकरी व व्यापारी कुटुंबांत टिकले. १८३४ मध्ये निकोलस पहिला याने केलेल्या दरबारी पोशाखाच्या नियमांतून ते मखमल व रत्ने लेवून परतले. विवाहित-अविवाहित हा भेद त्या नियमांतही पाळलेला दिसतो.

तो पुसला गेला पश्चिम युरोपात. १८८८ मध्ये ब्रिटनच्या युवराज्ञी अलेक्झांड्रा यांना विवाहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त उमराव स्त्रियांनी गॅरार्ड पेढीचा मुकुट भेट दिला. त्यात ६१ पट्ट्या व ४८८ हिरे आहेत. घडणीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. हिऱ्यांची ती सलग भिंत आजही डोळे दिपवते. परंतु केस झाकणारी वस्तू येथे केसांची शोभा वाढविणारी झाली. शिवाय त्याचा नमुना अलेक्झांड्रा यांच्या भगिनी, रशियाच्या सम्राज्ञी मारिया फ्योदोरोव्हना यांच्या मुकुटाचा होता. म्हणजे प्रेरणा एका राजवाड्यातून दुसऱ्या राजवाड्यात गेली. अशा दागिन्यांना सरसकट 'लोककलेवर आधारित' म्हणणे त्यामुळे अर्धसत्य ठरते.

मराठीतील अलंकारविषयक लेखनही या दोषापासून मुक्त नाही. राखडी, केवडा, मूद, चंद्रकोर यांच्या याद्या भरपूर. त्या कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने घातल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सिरसाळ्याच्या परिसरात, परळी तालुक्यात लमाण तांडे आहेत. लमाण स्त्रीच्या कानशिलाजवळ केसांत गुंफलेली चांदीची घुगरी-टोपली हीदेखील विवाहितेचीच खूण. नव्या पिढीने ती उतरविली, यात तक्रारीचे कारण नाही. तो तिचा निर्णय आहे. परंतु उतरविलेली घुगरी सराफाच्या काट्यावर मोडीच्या भावाने जाते किंवा शहरी दालनात 'अँटिक' या चिठ्ठीसह मांडली जाते. दोन्ही ठिकाणी तिचे वजन नोंदले जाते, घालणारीचे नाव नाही.