निळ्याखालचा चेहरा

एका कविमित्राच्या संग्रहाचे मुखपृष्ठ करायला घेतलेल्या तरुण चित्रकाराने परवा माझ्यापुढे पाच रंगीत चौकोन ठेवले. गडद निळा, फिका निळा, काळा, राखी आणि किंचित पिवळा. जॅझ संगीताच्या जुन्या रेकॉर्डच्या कव्हरांवरून ही रंगसंगती उचलली, असे तो म्हणाला. रंग देखणे होते. मीही प्रथम भुललो, हे कबूल केले पाहिजे. निळा तर आपलाच! मग मी मूळ कव्हर पाहायला मागितले आणि माझे मत फिरले.

ते कव्हर जॉन कोल्ट्रेन या कृष्णवर्णीय कलावंताच्या ‘ब्लू ट्रेन’चे. ध्वनिमुद्रण १९५७ चे, कंपनी न्यूयॉर्कची ब्लू नोट. छायाचित्र फ्रान्सिस वुल्फचे, मांडणी रीड माइल्सची. कोल्ट्रेनची नजर खाली आहे, एक हात ओठांपाशी आहे, आणि निळा रंग थेट त्याच्या चेहऱ्यावर चढवलेला आहे. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावर एकाच रंगाची शाई चढवली की सावल्या काळ्याच राहतात; कागदाचा पांढरेपणा मात्र जातो. या माणसाच्या कपाळावरचा उजेडसुद्धा निळा आहे. कंपनी लहान, पैसा तुटपुंजा, म्हणून अशा एक-दोन शाईंत भागवावे लागे. ज्याला आज अभिरुची म्हणून मिरवले जाते, तिचा जन्म असा टंचाईतून झालेला आहे.

वुल्फ हा बर्लिनचा ज्यू, १९३९ साली हिटलरच्या जर्मनीतून निसटून अमेरिकेत आलेला. ध्वनिमुद्रण चालू असतानाच तो छायाचित्रे काढी. त्यामुळे त्या चेहऱ्यांवर काम दिसते, थकवा दिसतो, विचार दिसतो. गिऱ्हाइकासाठी आणलेले हसू दिसत नाही. (माइल्सला स्वतःला जॅझची फारशी गोडी नव्हती, ही त्यातली गंमत.)

त्याच १९५७ साली कोलंबिया या बड्या कंपनीने माइल्स डेव्हिसची ‘माइल्स अहेड’ काढली. वादक काळा, संगीत त्याचे. आणि कव्हरवर शिडाच्या होडीत बसलेली गोरी स्त्री! डेव्हिसने हरकत घेतली आणि पुढच्या आवृत्त्यांवर त्याचे स्वतःचे छायाचित्र आले. ज्याचा आवाज विकायचा त्याचा चेहरा झाकायचा, हा व्यवहार आपल्याला काही नवा नाही. आणि १९६० ची मॅक्स रोचची ‘वुई इन्सिस्ट!’ पाहा. उपाहारगृहाच्या टेबलाशी बसलेले काळे तरुण मान वळवून सरळ आपल्याकडे पाहतात. पलीकडे गोरा नोकर उभा. त्याच वर्षी ग्रीन्सबरोच्या विद्यार्थ्यांनी अशाच टेबलांशी बसून सत्याग्रह सुरू केला होता. या छायाचित्रात रंगच नाही. त्यातून आमचा चित्रकार कोणते पाच चौकोन काढणार?

शुद्ध रंगाचा आस्वाद घ्या, असे कलावादी समीक्षक सांगतील. पण माझी तक्रार त्यांच्यापेक्षा आपल्याशीच अधिक आहे. १९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले, तेव्हा त्या नावाबरोबर तिथला संतापही घेतला होता. आज आपल्या पुस्तकांवर निळा इतका सवयीचा झाला आहे, की तो एकदा फासला म्हणजे काम झाले असे प्रकाशकही मानतो आणि आपणही मानतो. त्या निळ्याखाली कोण आहे, हे विचारायचे राहून जाते. कोल्ट्रेनच्या कव्हरवरून घ्यायचेच तर हा प्रश्न घ्यावा. नुसता निळा कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळतो.

हे सगळे मी त्या मुलाला बरेच रागाने ऐकवले. तो गप्प बसला, आणि दोन दिवसांनी कवीच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांचा फोटो घेऊन आला. वडील गिरणीत कताई खात्यात होते. फोटो जुना, एका कोपऱ्याला पाणी लागलेले, चेहरा मात्र स्वच्छ. त्यावर त्याने निळा चढवून दाखवला. दुसऱ्या शाईचा खर्च कोणी करायचा, यावर आता प्रकाशकाशी बोलणे चालू आहे.