सुपंडीचा हात कोणाचा?

सुपंडी माहीत नाही असा चाळिशीतला वाचक विरळाच. शिकारी शंभू, कालिया कावळा, हिरव्या अंगाचा नागराज हेही तसेच घरचे झालेले. पण ही मंडळी कागदावर उतरवली कोणी, असं विचारून बघा. उत्तर क्वचितच येतं. सुपंडी राम वाईरकरांचा, शंभू वसंत हळबेंचा, कालिया प्रदीप साठेंचा. नागराजाला नावारूपाला आणलं प्रताप मुळीकांनी, आणि 'अमर चित्रकथे'चं बेचाळीस अंकांचं 'महाभारत' काढलं दिलीप कदमांनी. सगळी नावं मराठी. सत्तर ते नव्वदच्या दशकांत भारतभरच्या मुलांनी इंग्रजीत, हिंदीत, बंगालीत जी चित्रं बघितली, त्यांतली कितीतरी मुंबई-पुण्याच्या हातांनी काढलेली होती. गाणं कोणाच्या घराण्याचं यावर रात्र जागवणाऱ्या आपल्या समाजाला ही रेषा कोणाची, हे विचारावंसं वाटलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उरणात राहणाऱ्याला या संदर्भात फिलिपिन्स आठवणं साहजिक आहे. आमचं न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं, आणि जगभरच्या मालवाहू जहाजांवर फिलिपिनो खलाशी नसेल असं जहाज शोधावं लागतं. त्या देशाची चित्रकथा हा चित्रकलेचा मोठा अध्याय आहे. तिथे 1947 पासून 'पिलिपिनो कॉमिक्स'सारखी नियतकालिकं लोकांच्या भाषेत निघत होती. त्यातून फ्रान्सिस्को कोचिंग, नेस्टर रेडोंडो, आल्फ्रेडो अल्काला, टोनी डेझुनिगा, अ‍ॅलेक्स निन्यो असे चित्रकार तयार झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन प्रकाशकांनी मनिलाला जाऊन त्यांना कामं दिली. अल्कालाच्या चित्रात बारीक रेघांचं असं दाट विणकाम असतं की ते लाकडी ठशावरून छापल्यासारखं वाटतं. रेडोंडोची माणसं डौलदार, त्यांच्या कपड्याची चुणीसुद्धा विचार करून पडलेली. निन्यो तर चौकटच मानत नाही. त्याचं पान वितळून एका आकृतीतून दुसरीत वाहत जातं. कोचिंगला त्याच्या मृत्यूनंतर, 2014 साली, देशाने 'राष्ट्रीय कलाकार' म्हणून गौरवलं.

आता आपल्या हातांकडे येऊ.

राम वाईरकर 'अमर चित्रकथे'चे पहिल्या फळीतले चित्रकार. अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेल्या या मालिकेला जिने खरं रूप दिलं ती 'कृष्ण' ही पुस्तिका त्यांनी काढली. खर्च आटोक्यात ठेवायचा म्हणून सुरुवातीच्या अंकांना आतल्या पानांवर पिवळा, निळा, हिरवा एवढेच रंग मिळत. अशा वेळी सगळा भार काळ्या शाईवर पडतो, आणि वाईरकरांची शाई तो उचलते. त्यांची रेषा गोलसर, प्रेमळ आणि कुठेही न अडखळणारी. याच हाताने पुढे 1983 साली 'टिंकल' या मुलांच्या नियतकालिकात सुपंडी काढला. त्याचं लांबुळकं डोकं, वरचा केसांचा झुबका, काडीसारखी मान बघा. मालकाने काहीतरी सांगितलंय, सुपंडीने ते उलटंच समजून घेतलंय, आणि तो ताठ मानेने कामाला निघालाय. फुग्यातला संवाद झाकला तरी त्याच्या पाठीच्या बाकावरून विनोद कळतो. देव आणि वेडपट नोकर, दोघांनाही एकाच मायेने काढणारा चित्रकार मला दुसरा माहीत नाही. वाईरकर 2003 साली गेले, आणि त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर यांनी सुपंडी पुढे चालवला.

हळबेंच्या शंभूबद्दल थोडक्यात सांगतो. त्याची टोपी डोळ्यांवर आलेली असते. व्यंग्यचित्रकार डोळ्यांतून बोलतो. हळबेंनी तेच झाकून टाकले आणि घाबरलेपणाचा सगळा अभिनय मिशीला, गुडघ्यांना आणि बंदुकीच्या नळीला दिला. फार अवघड गोष्ट आहे ही.

प्रताप मुळीक मात्र सगळ्यांत थोर. 1971 साली आलेली 'शिवाजी' ही पुस्तिका त्यांची. तिची संहिता 'फास्टर फेणे'वाल्या भा. रा. भागवतांची, ही एक सुखद गोष्ट. मुळीकांना शरीर कळत होतं. घोडा वळतो तेव्हा मानेचा स्नायू कुठे ताणतो, तलवार उगारताना दुसरा खांदा किती खाली येतो, हे ते ब्रशच्या एका फटकाऱ्यात सांगत. रेषा सुरू होते केसाइतकी बारीक, मध्ये जाड होते आणि टोकाला परत निमुळती. साध्या पेनने हे साधत नाही. त्यांच्या पानावर नजर कुठे जायची हे त्यांनीच ठरवलेलं असतं. पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी त्यांनी नागराज काढला. त्यात अमेरिकी सुपरहिरोची छाप उघड आहे, पण अंगावरचे खवले स्नायूच्या वळणाबरोबर वळतात, चिकटवल्यासारखे दिसत नाहीत. दोषही सांगायला हवेत. त्यांच्या स्त्रिया एकाच साच्यातल्या, आणि खलपुरुष धिप्पाड, काळेकुट्ट, दात विचकणारे. गोरा तो सज्जन ही खोड सगळ्या 'अमर चित्रकथे'ची, पण ज्याच्या हातात एवढं सामर्थ्य होतं त्याने ती मोडायला हवी होती.

दिलीप कदमांचं बळ गर्दीत आहे. 'महाभारत' 1985 ते 1989 या काळात निघालं. तेवढी वर्षं शेकडो पात्रांचे चेहरे सांभाळायचे, कोवळ्या देवव्रतापासून शरपंजरीच्या भीष्मापर्यंत तोच माणूस ओळखू येईल असा म्हातारा करत न्यायचा, हे काम हाताइतकंच स्मरणशक्तीचं आहे. 1979 सालचं 'बाबासाहेब आंबेडकर' हेही त्यांचंच.

आमच्याच तालुक्यात घारापुरी आहे. तिथल्या अंधकासुरवधाच्या शिल्पापुढे उभं राहिलं की या सगळ्यांचा पूर्वज भेटतो. शिवाचे बरेच हात तुटलेत, असुराची आकृती जवळजवळ नाहीशी झालीय, तरी घाव घालण्याची क्रिया अजून चालू आहे. शिल्पकाराने निवडला तो क्षण आधीचा नाही आणि नंतरचाही नाही. चित्रकथेच्या चित्रकाराला प्रत्येक चौकटीत हाच निर्णय घ्यावा लागतो. मुळीक तो अचूक घेत.

मग निन्योसारखा चौकट फोडणारा आपल्याकडे का झाला नाही? माझ्या मते कारण पानाच्या मालकीत आहे. मनिलाच्या चित्रकारांना आधी स्वतःच्या भाषेतलं, नेमाने निघणारं पान मिळालं. तिथे ते चुकले, बहकले, हट्टाला पेटले, आणि त्यातून प्रत्येकाची शैली वेगळी झाली. आपल्या चित्रकारांना पान मिळालं ते इंग्रजी संहितेचं किंवा हिंदी बाजाराचं. 'अमर चित्रकथे'ला हवा होता स्वच्छपणा: मुलाला गोष्ट कळली पाहिजे, देवाचा मान राहिला पाहिजे. त्या शिस्तीने उत्तम कारागिरी दिली आणि वेडेपणाला दार बंद केलं. आपल्याकडे दलाल आणि मुळगावकर हे चित्रकार दिवाळी अंकांत राज्य करत होते, पण ते एकेका चित्राचं राज्य होतं. चित्रामागून चित्र लावून गोष्ट सांगायला मराठी संपादकांनी फारशी पानं दिली नाहीत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'ला 1991 पासून 'सकाळ'मध्ये रोजची जागा मिळाली, तर केवढं प्रेम मिळालं ते आपण पाहिलं.

आजची स्थिती मला काळजीची वाटते. जुन्या पुस्तिका नव्याने रंगवून येतात, तेव्हा संगणकावरच्या छटा आणि चकाकी मूळ शाईवर चढतात, आणि जाड-बारीक होणारी ती रेषा रंगाखाली गुदमरते. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वरची आणि बाबासाहेबांवरची दोन महत्त्वाची चित्रपुस्तकं 2011 साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढली, दोन्ही आधी इंग्रजीत. त्यांतलं 'भीमायन' दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांनी काढलं आणि चौकटीऐवजी आपली दिग्ना ही पारंपरिक नक्षीची पद्धत वापरून पानाचा घाटच बदलून टाकला. निन्योची आठवण यावी असं ते काम आहे. विषय आपले होते, आणि असं धाडस करायला आपल्या चित्रकारांना कोणी बोलावलं नव्हतं.

हात आजही आहेत. कलाशाळांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, टॅब्लेटवर झरझर काढतात आणि गेम किंवा जाहिरातीच्या कामाला लागतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्यांतल्या एकाला फक्त सोळा पानं द्यावीत, मोबदला कथालेखकाइतका आणि नाव मुखपृष्ठावर. विषय मी सुचवतो: 25 सप्टेंबर 1930, चिरनेरचा जंगल सत्याग्रह. अक्कादेवीच्या माळावर जमलेले आगरी, कातकरी, कोयते खांद्यावर, समोर पोलिसांच्या बंदुका. किंवा जानेवारी 1984, दि. बा. पाटलांच्या मागे जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईच्या रस्त्यावर उतरलेला शेतकरी. रंग नकोत. काळी शाई आणि चांगला कागद द्या, आणि चौकट मोडायची असेल तर मोडू द्या.