परावलंबन कीं शरणागति?

स्वावलंबन हा आमच्या शिक्षितवर्गाचा आवडता मंत्र आहे. शाळेंतल्या धड्यापासून सभेंतल्या व्याख्यानापर्यंत तो आम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं, ज्याला स्वतःच्या पायांवर उभें राहतां येत नाहीं त्याच्याविषयीं आम्हांस दयेपेक्षां तिटकाराच अधिक वाटतो. म्हणूनच, 'माझ्यानें माझें कांहींएक होत नाहीं. देवानेंच मला सांभाळावें,' अशा कबुलीनें आरंभ होणारा व्यसनमुक्तीचा ख्रिस्ती मार्ग आमच्यापुढें आला कीं आमच्या कपाळाला आठी पडते. दारू सोडविण्याकरितां ही दुसरी दारूच नव्हे काय? काल बाटलीचा गुलाम होता तो आज देवाचा झाला, एवढाच यांत फरक नव्हे काय? हा आक्षेप उथळ नाहीं; पण तो घेणाऱ्यांनीं ज्याच्यावर तो घेतला त्या वस्तूची नीट तपासणी केली आहे, असेंही आम्हांस वाटत नाहीं. ती तपासणी करण्याचा येथें विचार आहे. तिचा आरंभ धर्मग्रंथापासून न करतां, वाचकांच्या पूर्ण परिचयाच्या एका नाटकापासून करणें सोयीचें होईल.

राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं, कर्त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, रंगभूमीवर आलें. दारूवर मराठींत याहून प्रखर असें कांहीं लिहिलें गेलें नाहीं. त्यांतला सुधाकर दुबळा आहे काय? मुळींच नाहीं. तो बुद्धिमान, मानी व स्वावलंबी आहे. मुन्सफाशीं खटका उडून वकिलीची सनद गेली तेव्हां त्याला जो डंख झाला तो या मानीपणालाच झाला. पहिला प्याला त्यानें त्या जखमेवरचें औषध म्हणून घेतला. पुढें त्यानें दारू सोडलीही, व तीही स्वतःच्या निश्चयाच्या बळावर. मग तो काम मागावयास एकटा बाहेर पडला, जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांनीं त्याला झिडकारलें, आणि तो पुन्हां प्याल्याकडे वळला. नाटकाची परिणती सर्वांस ठाऊक आहे. आमच्या टीकाकारांनीं या पतनाची मीमांसा बहुधा स्वभावदोषाच्या अंगानें केली. आम्हांस त्यांतली दुसरीच एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. सुधाकराभोवतीं कोण कोण आहेत तें पाहावें. रामलाल आहे, तो मित्र खरा, पण तो उंचावर उभा राहून हात देणारा. सिंधु आहे, ती दळण दळून संसार चालविते, पण ती भक्त आहे, तिच्यावर विसंबतां येईल असें त्याला कधीं वाटतच नाहीं. 'मीही असाच पडलों होतों, आणि उठलों' असें सांगणारा एकही माणूस सबंध नाटकांत नाहीं. त्यांत संघटित अशी एकच संस्था आहे, आणि ती आर्यमदिरामंडळ! पिणाऱ्यांना मंडळ आहे. सोडणाऱ्याला मात्र केवळ स्वतःचा निश्चय. गडकऱ्यांनीं हें हेतुपुरस्सर योजलें असो वा नसो, त्या काळच्या आमच्या समाजाचें याहून खरें चित्र दुसरें सांपडणार नाहीं.

आतां ख्रिस्ती मार्गाकडे पाहूं. त्याचें मूळ पौलाच्या पत्रांत आहे. जें बरें म्हणून कळतें तें हातून घडत नाहीं, जें वाईट म्हणून कळतें तेंच घडतें, ही कासाविशी त्यानें रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रांत बोलून दाखविली. व्यसनी मनुष्याच्या स्थितीचें वर्णन याहून नेमकें करतां येणार नाहीं. १८७२ सालीं न्यूयॉर्क शहरांत जेरी मॅकॉले यानें दारुड्यांसाठीं आश्रम उघडला. तो स्वतः तुरुंगांतून व दारूंतून वर आलेला होता. पुढें १९३५ मध्यें अमेरिकेंतील अ‍ॅक्रन या गांवीं बिल विल्सन हा दलाल व रॉबर्ट स्मिथ हा डॉक्टर, दोघेही मद्यासक्त, एकत्र आले, आणि त्यांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा संघ निघाला. दोघांचाही संबंध ऑक्सफर्ड ग्रूप नांवाच्या ख्रिस्ती चळवळीशीं आलेला होता. १९३९ मध्यें संघाचा ग्रंथ निघाला व त्यांत सुप्रसिद्ध बारा पायऱ्या आल्या. विशेष हा कीं, ख्रिस्ती कुळांत जन्मलेल्या या पायऱ्यांनीं ख्रिस्ताचें नांव पुढें केलें नाहीं. आपणांहून श्रेष्ठ अशी एखादी शक्ति मानावी व ज्याला देव जसा कळला तसा त्यानें मानावा, इतकीच त्यांची मागणी. पुढें १९९१ पासून कॅलिफोर्नियांतील एका चर्चनें 'सेलिब्रेट रिकव्हरी' या नांवानें त्याच पायऱ्या पुन्हां उघडपणें ख्रिस्ताच्या नांवाला जोडल्या.

या बारा पायऱ्या नीट पाहिल्या कीं 'परावलंबन' हा शब्द अपुरा पडूं लागतो. आमच्याकडे शरणागतीचे दोन प्रकार सांगितले आहेत: मार्जारन्याय व मर्कटन्याय. मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं; आईच त्याला तोंडांत धरून नेते. माकडिणीच्या पिलाला मात्र आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगावें लागतें. रामानुजांच्या संप्रदायांत यावरून दोन पंथ झाले. या पायऱ्यांनीं तो वाद अनुक्रमानें मिटविला आहे असें म्हणतां येईल. पहिल्या तीन पायऱ्या मांजरीच्या: माझें बळ सरलें, तारणारा कोणी आहे, मी त्याच्या हवालीं झालों. त्यापुढें मात्र बिलगण्याचे श्रम सुरू होतात. आपल्या दोषांची यादी करावयाची, ती दुसऱ्या माणसाला वाचून दाखवावयाची, ज्यांचें नुकसान केलें त्यांची भरपाई करावयाची, आणि शेवटीं आपल्यासारख्याच दुसऱ्या पडलेल्याला हात द्यावयाचा. यांत आळशाला जागा कोठें आहे? सुधाकराच्या निश्चयाहून हें काम पुष्कळच कठीण आहे. कारण निश्चय करतांना मान ताठ राहते, येथें ती पहिल्याच पायरीवर लववावी लागते. नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलों असें सांगत. मराठी मनाला ही भाषा परकी वाटण्याचें कारण नाहीं.

येथवर हा विचार झाला तो एकट्या माणसाचा. परंतु जेथें दारू ही एकट्याची चोरी नसून साऱ्या समाजाचा शिष्टाचार आहे, तेथें काय होतें? यासाठीं आम्ही वाचकांस नंदुरबार जिल्ह्यांतल्या विसरवाडीकडे नेऊं इच्छितों. हें गांव नवापूर तालुक्यांत, धुळ्याहून सुरतेस जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हा जिल्हा १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्याही पूर्वीं हा सारा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. भोंवतालीं मावची, गावीत, कोकणी, भिल्ल यांची वस्ती. येथें मोहाची दारू केवळ पिण्याची वस्तु नव्हे. देवापुढें तिची धार सोडली जाते. सोयरीक, लग्न, मरण, पाहुणा यांतलें कांहींच परंपरेनें तिच्यावांचून पुरें होत नाहीं. अशा ठिकाणीं जो दारू सोडतो तो केवळ एक पेय सोडीत नाहीं. तो भावकीच्या पंगतींतून उठतो, आणि ज्या देवाला धार सोडावयाची त्या देवालाही अंतरतो. त्याला 'मन घट्ट कर' म्हणून सांगणें ही थट्टा आहे. त्याला दुसरी पंगत पाहिजे, आणि जो धार मागत नाहीं असा देव पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून पश्चिम खानदेशांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे मिशनरी आले, व नवापूर तालुक्यांत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. या मंडळ्यांनीं जें दिलें त्याचें मोल केवळ प्रार्थनेंत मोजूं नये. रविवारची बैठक, गाणें, दारूवांचून लागणारें लग्न, दारूवांचून होणारा मरणविधि, हें सारें त्यांत येतें. सोडणाऱ्याला मंडळ मिळालें तें येथें. परंतु हें श्रेय एकट्या ख्रिस्ती धर्माचें नव्हे, हेंही त्याच मुलखाचा इतिहास सांगतो. १९२२ मध्यें देवीची लाट किनाऱ्याकडून नाशिक, डांग व खानदेशच्या अंगानें सुरत जिल्ह्यांत शिरली. अंगांत आलेल्या देवीनें आज्ञा केली, दारू सोडा, ताडी सोडा, रोज स्नान करा. आणि हजारों आदिवासींनीं ती पाळली. डेव्हिड हार्डिमन यांनीं या चळवळीवर लिहिलेल्या ग्रंथांत पुढची हकीकतही आहे: लाट ओसरल्यावर पुष्कळ लोक परत फिरले, पण ज्यांनीं नेम राखला ते 'वर्जेला' म्हणून वेगळे ओळखले जाऊं लागले, म्हणजे त्यांचा एक समुदाय झाला. १९३८ मध्यें तळोदें तालुक्यांत गुला महाराजांनीं 'आप' पंथ काढला. लहानथोर सर्वांस 'आप' म्हणावें, आरतीला जमावें, दारूला शिवूं नये, हा त्यांचा उपदेश. त्याच वर्षीं ते वारले, पण त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं काम पुढें चालविलें. ज्या भिल्लाला सावकार, अंमलदार अरेतुरे करीत, त्याला कोणी 'आप' म्हणावें यांतच अर्धी व्यसनमुक्ति होती. ख्रिस्त, देवी, गुला महाराज, यांचे देव वेगळे. पण रीत एकच दिसते. देवावर टाकलेला भार उचलावयास प्रत्यक्षांत शेजारीच पुढें आले, आणि जेथें ते एकत्र राहिले तेथेंच तो नेम टिकला.

आतां दोषांकडे वळणें प्राप्त आहे. पहिला दोष हा कीं, दारूला केवळ पाप म्हटलें म्हणजे तें विकणाऱ्याचा हिशेब कोणी मागत नाहीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें गांवोगांवची गाळणी बंद पाडून मक्तेदाराचें दुकान आणलें. १८९२ च्या मोहाविषयींच्या कायद्यानें फुलांच्या सांठ्यावरही पहारा बसला. सरकारचें उत्पन्न वाढलें व आदिवासी कर्जांत रुतला. जोतीराव फुले यांनीं १८८० सालींच पुणें नगरपालिकेला दारूच्या दुकानांविरुद्ध लिहिलें होतें. तो विचार पापाच्या उपदेशांत बहुधा हरवतो. नवापूरचें रेल्वे स्टेशन अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजरातेंत आहे. एका टोंकाला दारूबंदी, दुसऱ्या टोंकाला परवान्याचें दुकान. माणसाचें पाप फलाटाच्या मध्यावर बदलत नाहीं. बदलतो तो कायदा व महसूल.

दुसरा दोष याहून भयंकर आहे. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू बंद केली तर दोन ते चार दिवसांत त्याला वात होऊं शकतो. हात कांपतात, भास होतात, झटके येतात, आणि प्रसंगीं प्राणही जातो. अशा वेळीं केवळ हात ठेवून प्रार्थना करणें ही श्रद्धा नव्हे, निष्काळजीपणा आहे. नवापूर तालुक्यांतच चिंचपाडा येथें ख्रिस्ती रुग्णालय आहे. देव वैद्याच्या हातांनींही काम करतो हें ख्रिस्ती माणसाला दुसऱ्यानें सांगण्याची गरज पडूं नये. तिसरा दोष असा कीं, पुन्हां घसरलेल्याला 'तुझा विश्वास कमी पडला' असें ऐकविलें जातें. घसरणें हा या रोगाच्या मार्गांतला नेहमींचा खड्डा आहे; त्यावर अविश्वासाचा शिक्का मारला कीं तो मनुष्य बैठकीला येणेंच टाकतो, आणि जें त्याला तारणार होतें तेंच सुटतें. शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण तो टाळणें बरें नव्हे. असहाय माणसाच्या कृतज्ञतेची किंमत धर्मांतरानें वसूल करूं नये. त्याचबरोबर, पडलेल्या अवस्थेंत ज्याला खरोखरच ख्रिस्त सांपडला, त्याच्या श्रद्धेला विकत घेतलेली म्हणून हिणवण्याचा अधिकारही कोणास पोंचत नाहीं.

शास्त्र याविषयीं काय म्हणतें? २०२० मध्यें कॉक्रेन या संस्थेनें सत्तावीस अभ्यासांचें परीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांत दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. बारा पायऱ्यांकडे पद्धतशीर वळविणारे उपचार अखंड मद्यत्यागाच्या बाबतींत इतर मान्य उपचारांहून सरस ठरले. परीक्षणकर्त्यांपैकीं जॉन केली यांनीं अन्यत्र या यशाचीं कारणें शोधलीं, तेव्हां पिणाऱ्यांची सोबत सुटून न पिणाऱ्यांची सोबत जुळणें हें मोठें कारण दिसलें. ज्यांचें व्यसन फार खोल गेलेलें त्यांना आध्यात्मिक भागाचाही उपयोग झाला. यावर विवेकवादी म्हणतील, मग सोबत ठेवा, देव काढून टाका. ज्यांना तसें जमतें त्यांनीं तसें अवश्य करावें. परंतु सोबत जुळावयास आधीं 'मी एकटा पुरेसा आहें' हा ताठा जावा लागतो, आणि तो ताठा जगांत कोणापुढें उतरवावा हें ज्याला कळत नाहीं त्याला देव हें एक ठिकाण मिळतें. शेजाऱ्यापुढें प्रथमच मान लववणें सुधाकरासारख्याला जमत नाहीं.

तेव्हां परावलंबन कीं शरणागति, याचा निर्णय देवळांत किंवा चर्चमध्यें होणार नाहीं. तो त्या माणसाच्या घरीं होईल. देवावर भार टाकल्यावर तो सायंकाळीं घरीं येतो काय, मजुरीचे पैसे चुलीपर्यंत पोंचतात काय, त्याच्या पावलांच्या आवाजानें मुलें आईमागें लपावयाचीं थांबतात काय, हें पाहावें. असें घडत असेल तर त्याच्या अवलंबनाला आम्ही शरणागति म्हणूं, मग त्याचा देव कोणताही असो. घडत नसेल तर तें परावलंबनच, त्याच्या ओठीं कितीही पवित्र नांव असलें तरी. सुधाकराचा निवाडा करावयाचा अधिकार ज्या एका व्यक्तीला होता, ती सिंधु नाटकांत त्याविषयीं शेवटपर्यंत कांहीं बोलली नाहीं. विसरवाडीच्या परिसरांत, किंवा आमच्या शहरांतल्या चाळींतही, ज्या सिंधु आज संध्याकाळीं दाराशीं वाट पाहत उभ्या असतील, त्यांना मात्र हा प्रश्न आपण एकदां विचारावा, आणि त्यांचें उत्तर प्रमाण मानावें.