नकाशात नसलेले गाव

वसतिगृहाच्या भित्तिपत्रकासाठी आम्ही एकदा ‘विद्यार्थिदेशा’चा नकाशा काढला होता. उधारीची नदी, एटीकेटीचा घाट, मेसच्या आमटीचा अथांग समुद्र (अथांग, कारण तळाशी डाळ कधी सापडलीच नाही). सगळे पोट धरून हसले. पुढे मादलेन द स्क्युदेरी यांच्या ‘क्लेली’ कादंबरीतला १६५४चा ‘कोमलतेच्या प्रदेशा’चा नकाशा पाहिला आणि आमचा कुठे उणा पडला ते उमगले.

तिथे ‘नवमैत्री’ या गावातून प्रवास सुरू होतो. सुंदर कविता, प्रेमपत्रे अशी खेडी ओलांडत माणूस पुढे सरकतो. पण ‘हयगय’, ‘कोमटपणा’, ‘विस्मरण’ या गावांकडे वळला, की थेट औदासीन्याच्या तळ्यावर. मोजपट्टीही आहे, मैत्रीच्या कोसांची! चेष्टा खरी, पण चुकणाऱ्याची वाटही गावोगाव आखलेली आहे. न्यूरेंबर्गच्या होमानने छापलेल्या आळशांच्या देशाच्या नकाशात खादाडांना अख्खे साम्राज्य मिळते, पवित्र भूमी मात्र उत्तरेला ‘अज्ञात’ राहते. हा टोमणा मला अधिक झोंबतो.

आमच्याकडे गावे होती, रस्ते नव्हते. म्हणजे तो नकाशा नव्हेच, शेरेबाजीची यादी. नापासांचे बेट होते, पण तिथे माणूस पोचतो कसा, हे कोणी काढले नाही. फी न भरता आल्याने त्याच सत्रात ट्रंक उचलून घरी गेलेला आमचा खोलीसोबती त्यात कुठेच नव्हता. नकाशावरची अक्षरे तेवढी त्याची होती.