शॅनन यांचे दोन प्रबंध

संगणकशास्त्रात प्रबंधाधिष्ठित एम.एस. करावे की थेट पीएच.डी.स नाव नोंदवावे, या विवंचनेत असलेल्या संशोधनार्थ्याने क्लॉड शॅनन यांचे दोन प्रबंध शेजारी ठेवून वाचावेत. पहिला एम.आय.टी.तील १९३७ चा, केवळ एम.एस.साठी लिहिलेला, दुसरा तेथीलच, १९४० चा, डॉक्टरेटचा. पदवीने थोर दुसरा असला तरी युग घडविले ते पहिल्याने.

पहिल्याचे बळ त्याच्या प्रश्नात आहे. अवकल समीकरणे सोडविणाऱ्या बुश यांच्या यंत्रावर काम करताना शॅनन यांना रिले-मंडलांचे जंजाळ हाताळावे लागे. बूलच्या बीजगणिताची ओळख मिशिगन विद्यापीठात आधीच झाली होती. ही दोन टोके त्यांनी जोडली. बंद मंडलास ० व खुल्यास १ मानले (आजच्या रूढीच्या नेमके उलट), एकसर जोडणीस बेरीज म्हटले, समांतर जोडणीस गुणाकार. चिन्हे यादृच्छिक असली तरी चालते, व्यवस्था अबाधित हवी, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. अखेरीस द्विमान पद्धतीने बेरीज करणारे मंडलही दिले असल्याने सिद्धांत अधांतरी राहत नाही.

दुसरा प्रबंध आनुवंशिकीच्या बीजगणिताचा. मांडणी चोख आहे. परंतु विषय बुश यांनी सुचविलेला आणि शॅनन यांना सर्वस्वी नवा. मार्गदर्शकाच्या नावास अवास्तव महत्त्व देणाऱ्यांनी हेही पाहावे, की दोन्ही प्रबंधांचे मार्गदर्शक फ्रँक हिचकॉकच होते. आनुवंशिकीकडे शॅनन पुन्हा वळले नाहीत. तो प्रबंध १९९३ मध्ये त्यांच्या संकलित लेखनात छापला गेला, तोवर त्यातील काही निष्कर्ष इतरांनी स्वतंत्रपणे काढलेले होते.