वेणी आणि खेळपट्टी

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या क्रीडा-मासिकांचा एक गठ्ठा मी हडपसरला रद्दीवाल्याकडून किलोवर घेतला आणि सुट्टीत वाचून काढला. पुरुष खेळाडूविषयी लिहिताना ह्या लेखकांची भाषा रणांगणाची. त्याचे मनगट, त्याचे डावपेच, त्याची आकडेवारी. बाई मैदानात उतरली की लेखणी लगेच स्वयंपाकघरात शिरते. लग्न कधी, वेणी किती लांब! बळी किती घेतले, हे शेवटच्या ओळीत. कधी तेही नाही.

१९७३च्या एप्रिलमध्ये महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा ह्याच पुण्यात झाली. संघ तीनच : मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. १९७६ साली शांता रंगास्वामींच्या संघाने पाटण्यात वेस्ट इंडीजला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. माझ्या गठ्ठ्यात दोहोंचा पत्ता नाही. आईने दोन अंक चाळले. ती शाळेत पकड करायची, गुडघ्यावर खूण आहे. म्हणाली, "ह्यात आमची कबड्डी कुठाय गं?"

पण 'पुरुषांचा खेळ' म्हणजे तरी सगळ्या पुरुषांचा कुठे? पुण्यात खेळपट्टी राखता राखता गोलंदाज झालेल्या पालवणकर बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. चांभार म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. गठ्ठ्यातल्या एका लेखात त्यांची फिरकी आहे. मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळणारा चहा नाही. लेखक अडाणी नव्हता, त्याने गाळले. ते पान मी आता वर्गात वाचायला देते.