'शिल्लक' आणि 'ढील' : एका संज्ञेची चिकित्सा

रिचर्ड सायर्ट व जेम्स मार्च यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात 'स्लॅक' ही संज्ञा उद्योगसंस्थांच्या अभ्यासात रूढ केली. संस्थेजवळची एकूण साधने आणि संबंधित घटकांना संस्थेत टिकवून धरण्यास आवश्यक तेवढा मोबदला, यांतील अंतर म्हणजे स्लॅक. टंचाईत ज्यांना मंजुरी मिळाली नसती असे प्रयोग या अंतरामुळे संभवतात, हे त्यांचे प्रतिपादन होय.

मूळ शब्दात सैल दोरीचे रूपक आहे. मराठीत तो 'शिल्लक' म्हणून आणल्यास विचार थेट जमाखर्चात जाऊन बसतो. 'ढील' हा शब्द अधिक नेमका. पतंगाला ढील देणाऱ्याच्या हातून दोर सुटलेला नसतो. (त्याच शब्दापासून 'ढिलाई' हे दूषणही निघाले, हे विसरता येत नाही.)

हा केवळ शब्दच्छल नव्हे. नितीन नोहरिया व रंजय गुलाटी यांनी १९९६ मध्ये असे दाखविले की, स्लॅक वाढता नवनिर्मिती प्रथम वाढते व एका मर्यादेपलीकडे घटते. निष्कर्ष पटण्याजोगा आहे. मापनपद्धती मात्र तपासून पाहिली पाहिजे. विभागातील सर्वांचा दहा टक्के वेळ अन्य कामी गेला, किंवा अंदाजपत्रक दहा टक्क्यांनी घटले, तर उत्पादनावर कितपत परिणाम होईल, असे व्यवस्थापकांना विचारण्यात आले. येथे वेळ व पैसा एकाच मापात पडले, आणि मोजला गेला तो व्यवस्थापकाचा अंदाज.

थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये एक दुर्बळ गोंद सापडला. तो कोणत्याच मागणीचे उत्तर नव्हता. आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये त्यात पुस्तकातील खुणेचा उपयोग दिसला आणि १९८० मध्ये 'पोस्ट-इट' अमेरिकाभर विक्रीस आले. पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांना देण्याची त्या कंपनीची प्रथा होती. ही शिल्लक कोणत्या खतावणीत सापडणार?

उलट बाजूस झेरॉक्स. १९७० मध्ये स्थापन झालेल्या तिच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेस द्रव्याची ददात नव्हती. १९७३ चा 'आल्टो' संगणक तेथेच घडला, परंतु त्याचे व्यापारी फळ मुख्यतः इतरांनी चाखले. त्याच प्रयोगशाळेतील लेझर मुद्रणयंत्राने मात्र झेरॉक्सला भरघोस उत्पन्न दिले, कारण छायाप्रतींच्या धंद्याशी त्याचे नाते उघड होते. साधनांची विपुलता दोन्ही ठिकाणी एकच होती. दोर मात्र एकाच्याच बाबतीत कंपनीच्या हाती राहिला. 'स्लॅक'च्या प्रचलित व्याख्येत या दोराला स्थान नाही.